जाहिरातीवर पडलेले बोट

एकदा एका वृद्ध वैद्यांचा शिष्य मोठ्या खुशीत त्यांच्याकडे जेवायला आला. गुरूंचे आयुष्यभराचे ज्ञान त्याने एका संकेतस्थळावर मांडले होते. विंचू चावला, साप डसला, कुणी भाजले, तर काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे तिथे सोप्या भाषेत लिहिलेले असे. प्रत्येक पानावर जवळच्या दवाखान्याला थेट फोन लावणारे एक बटणही होते. जाहिरातींतून जे काही मिळे, त्यावर वैद्यांचा मोफत दवाखाना चाले. म्हणजे शिष्याचा हेतू वाईट नव्हता. पण चांगल्या हेतूच्या आडोशाला माणूस काय काय करतो, हे आपण सगळेच जाणतो.

"गुरुजी, परीक्षा घेतली," पानावर बसता बसता तो म्हणाला. "निम्म्या वाचकांना जुनी मांडणी दाखवली, निम्म्यांना नवी. नवीत जाहिरातीवर तिप्पट लोक जाताहेत! लोकांना ती फार आवडलेली दिसते."

"नवीत काय केलंस?"

"विशेष काही नाही. आधी पान उघडतं, मग एका क्षणानं जाहिरात येते. ती फोनच्या बटणाच्या जागी येते आणि बटण थोडं खाली सरकतं, इतकंच."

शिष्याला स्वर्ग दोन बोटे उरला होता. शेजारच्या पाटावर खेड्यातले एक गृहस्थ जेवत होते. ते औषधासाठी आले होते आणि वैद्यांनी त्यांना आग्रहाने थांबवून घेतले होते. वैद्यांनी शिष्याच्या पानात मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले. डाव्या हाताला पाण्याचे भांडे असते, या सवयीने त्याने न बघता हात टाकला. त्याच क्षणी वैद्यांनी पाणी बाजूला सारून तिथे काडेचिराइताचा कडूजहर काढा ठेवला. शिष्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला.

म्हाताऱ्या माणसाकडून चूक झाली असेल, असे त्याला वाटले. थोड्या वेळाने पुन्हा तहान लागली, पुन्हा हात गेला आणि पुन्हा भांडी बदलली.

"वा!" वैद्य समाधानाने म्हणाले. "आमचा काढा तुला फार आवडलेला दिसतो."

"आवडला कुठला, गुरुजी!" शिष्य चिडून म्हणाला. "मी पाण्याला हात घातला होता. तुम्हीच ऐन वेळी..."

वाक्य तिथेच अडले. त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले.

वैद्य शांतपणे म्हणाले, "हात कशावर पडला, हे तू मोजलंस. तो कशासाठी निघाला होता, हे तुला ठाऊक होतं, पण ते तू मोजलं नाहीस. परीक्षा घेणं चांगलंच. मीही औषध दिल्यावर गुण आला का ते बघतो. पण रोगी चुकून काढा प्यायला, तर त्याला गुण आला असं मी म्हणत नाही." मग ते गृहस्थांकडे वळले. "पाव्हणे, तुमच्या घरचं जरा सांगा याला."

गृहस्थ संकोचले. "काय सांगायचं, दादा? बायकोला विंचू चावला. तुमचं ते पान उघडलं. फोनचं बटण दाबलं, तर गाद्यांचं दुकान आलं. मागं गेलो, पुन्हा दाबलं, पुन्हा गाद्याच. तिला घाम फुटलेला, उलट्या चाललेल्या, आणि मी गाद्या बघतोय. शेवटी शेजाऱ्याची गाडी मिळाली म्हणून वाचली. हात अजून थरथरतो तिचा." आपला जाड, भेगाळलेला अंगठा त्यांनी पुढे केला. "आमचं बोट हे असलं. नेमकं पडत नाही. तुम्ही एवढं चांगलं करून ठेवलंय, मलाच जमलं नाही."

शिष्याला वर बघवेना. घास हातातच राहिला.

"तुमचं बोट बरोबर पडलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "बटणच जागेवरून हललं."

"असेल. बिघाड होतोच की. असं कुणी मुद्दाम का करंल?"

इथे गप्प राहणे किती सोपे होते! वैद्यही काही बोलणार नव्हते.

"मी केलं," शिष्य म्हणाला. "मुद्दामच केलं."

गृहस्थांनी शिवी हासडली असती, तर शिष्याला बरे वाटले असते. पण ते हळूच म्हणाले, "आणि मी रोज बायकोची माफी मागतोय."

शिष्य पानावरून उठला, हात धुतले आणि फोनवरून ती मांडणी तिथल्या तिथे काढून टाकली. मग गृहस्थांपाशी येऊन त्याने विचारले, "मी तुमच्याबरोबर घरी येऊ? वहिनींना मीच सांगतो."

आपण ज्याची चूक आपल्या यशात धरतो, तो माणूस पुष्कळदा घरी स्वतःलाच दोष देत बसलेला असतो.