माइकेनचं हसू

"पण यात शिकण्यासारखं काय आहे, गुरुजी?"

अँटवर्पमधल्या एका चित्रशाळेत यूस्ट हे विचारत होता. तीन वर्षं रोममध्ये संत आणि देवदूत रंगवून तो नुकताच परतला होता.

समोर म्हाताऱ्या गिलिसगुरुजींचं अपुरं चित्र होतं. मासेवाला एका स्वयंपाकिणीला मासा दाखवत लाडीगोडी लावतोय. मागे मांजर त्याच्या टोपलीत शिरलंय, चुलीवरचं दूध उतू जातंय... दोघांनाही पत्ता नाही.

माशाची खवलं अशी चमकत होती की बोट लावलं तर ओलं व्हावं. बाईच्या चेहऱ्याची जागा मात्र कोरी होती.

"तिचं हसू राहिलंय," गुरुजी म्हणाले. "तू काढ."

"एवढंच?"

"एवढंच."

चित्रासाठी उभे राहायचे ते गुरुजींकडे स्वयंपाक करणारी विधवा माइकेन आणि बाजारातला मासेवाला कोर्नेलिस. यूस्ट म्हणायचा, "हस. आणखी हस." माइकेन बिचारी दात दाखवायची. चार दिवस त्याने हसू रंगवलं आणि चारही दिवस खरवडून काढलं.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "झालं."

कोर्नेलिसने चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"हिची दाढ दुखतेय का?"

माइकेन खदखदून हसली. गुरुजीही हसले. यूस्ट रागाने लाल झाला... मग त्यालाही हसू आवरेना. चेहरा खरोखरच दाढदुखीचा होता.

"दुखू दे," कोर्नेलिस म्हणाला. "तरी मी हिच्याशी लग्न करीन."

माइकेनचं हसणं थांबलं.

दोन वर्षं तो तिच्यासाठी सगळ्यात ताजा मासा बाजूला ठेवत होता. लग्नाचं मात्र कधी बोलला नव्हता. आता स्वतःच्याच शब्दांना घाबरून टोपी चुरगाळत उभा राहिला.

"...खरंच?" माइकेनने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

ती हसली. आवाज न करता, खाली बघून.

रोममधल्या एकाही देवदूताच्या चेहऱ्यावर यूस्टने असं काही पाहिलं नव्हतं. त्याने झटकन कुंचला उचलला.

गुरुजींनी त्याचं मनगट धरलं आणि ते त्याला दाराकडे नेऊ लागले.

"गुरुजी, थांबा! हे हसू निघून जाईल!"

"जाऊ दे. ते आपल्यासाठी नव्हतं."