ओल्या मातीत तहानलेलं अळू

परसात एक अळू होतं. अळूखाली एक बेडकी राहायची. इवलीशी, बोटाच्या पेराएवढी. तिचं नाव टिंबी. अळूचं मोठ्ठं पान म्हणजे टिंबीचं छप्पर.

एके दिवशी पान वाकलं. लुळं पडलं. सावली गेली आणि ऊन आलं थेट टिंबीच्या पाठीवर. चटचट, चटचट. बेडकीची पाठ ओली हवी. सुकली, तर बेडकीचं काही खरं नाही. टिंबी फार घाबरली.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिंबी गेली पानाकडे.

“पानोबा पानोबा, उभे राहा.
मला सावली मिळेना.”

पानोबा म्हणाले, “माझ्या पोटात बारीक बारीक खोल्या. त्यांना म्हणतात पेशी. पाणी आलं की पेशी फुगतात, टम्म. मग मी उभा. पाणी गेलं की पेशी ढिल्या, फुस्स. मग मी आडवा. देठोबा पाणी देतील, तर उभा राहीन.”

आणि पानोबांनी आपली बारीक बारीक तोंडं मिटून घेतली. आहे तेवढं पाणी तरी उडून जाऊ नये, म्हणून.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिंबी गेली देठाकडे.

“देठोबा देठोबा, पाणी द्या.
पानोबा उभे राहीनात,
मला सावली मिळेना.”

देठोबा म्हणाले, “मूळबाबा पाणी पितील, तर देईन.”

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिंबी गेली मुळाकडे.

“मूळबाबा मूळबाबा, पाणी प्या.
देठोबा पाणी देईनात,
पानोबा उभे राहीनात,
मला सावली मिळेना.”

मूळबाबा म्हणाले, “पिऊ कसं? मी पाणी ओढतो इकडे, माती ओढते तिकडे. माझ्याच पेशी रिकाम्या झाल्या. मातीआई मीठ सोडील, तर पिईन.”

टिंबीने माती पाहिली. माती तर ओली. पाणी आहे, आणि मूळबाबा तहानलेले? टिंबीचं डोकं गरगरलं. तुम्हाला कळलं का? तिला नाही कळलं. मलाही आधी नव्हतं कळलं.

“मातीआई मातीआई, मीठ सोड.
मूळबाबा पाणी पिईनात,
देठोबा पाणी देईनात,
पानोबा उभे राहीनात,
मला सावली मिळेना.”

मातीआई म्हणाली, “कळशीबाई गोडं पाणी ओतेल, तर सोडीन.”

कोणतं मीठ? कुठून आलं? टिंबीचे पाय मात्र चुरचुरत होते.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिंबी गेली कळशीकडे.

“कळशीबाई कळशीबाई, पाणी ओत.
मातीआई मीठ सोडीना,
मूळबाबा पाणी पिईनात,
देठोबा पाणी देईनात,
पानोबा उभे राहीनात,
मला सावली मिळेना.”

कळशीबाई म्हणाली, “घरातली यमूमावशी उचलेल, तर ओतीन.”

टुपुक, टुपुक. आता टिंबी दमली होती. पाठ कोरडी पडली होती. मावशी उंबऱ्यात बसली होती.

“यमूमावशी यमूमावशी, कळशी उचल.
कळशीबाई पाणी ओतीना,
मातीआई मीठ सोडीना,
मूळबाबा पाणी पिईनात,
देठोबा पाणी देईनात,
पानोबा उभे राहीनात,
मला सावली मिळेना.”

मावशी म्हणाली, “सकाळीच तांदळाचं धुवण घातलं की अळूला. रोजच घालते. माती ओली आहे. आणखी पाणी कशाला?”

मग मावशी थबकली. मीठ म्हणाली का ही? ती आत गेली. ओट्यावर धुवणाचं पातेलं तसंच भरलेलं. मग अळूला घातलं ते काय? शेजारचं पातेलं रिकामं होतं. त्यात होतं कैरीच्या फोडींचं खारं पाणी. तेही तसंच गढूळ.

“अगं बाई,” मावशी म्हणाली, “चूक माझी आणि शिक्षा तुला.”

मावशीने कळशी उचलली.
कळशीने पाणी ओतलं. भळभळ भळभळ. एक कळशी, दोन कळश्या, तीन कळश्या.
मातीने मीठ सोडलं. ते गेलं खाली, आणखी खाली. तेच तर पाणी ओढून धरत होतं.
मूळबाबा पाणी प्याले. गटगट गटगट.
देठोबांनी पाणी वर दिलं.
एक पेशी फुगली, टम्म. दुसरी फुगली, टम्म. टम्म, टम्म, टम्म.
पानोबा उभे राहिले.

आणि टिंबीला सावली मिळाली. गार गार.

ओलं असून तहानलेलं, असं कसं? टिंबी विचार करत बसली. विचार करता करता तिचे डोळे मिटले.

मावशी गेली घरात, टिंबी राहिली सावलीत, गोष्ट आली तुमच्या कानात.