म्हाळू जाणता मतदार होतो

एका गावात एक भोळा गुराखी होता. म्हाळू त्याचं नाव. भोळा म्हणजे किती, तर बोलता बोलता म्हशीनं मान हलवली की तिला आपलं म्हणणं पटलं असं समजून पुढं तासभर बोलणारा.

बायको सारजा मात्र चलाख. त्यांच्या आळीतला हापसा कधीचा बंद पडला होता. नदीवरून हंडे वाहून बायका मेटाकुटीला आल्या होत्या. म्हणून यंदा सारजाच ग्रामपंचायतीला उभी राहिली. समोर उभ्या होत्या कौसाकाकू. त्यांच्या दारात स्वतःची बोअर. त्यांना हापशाचं काय सोयरसुतक?

"अहो, एकेक मत मोलाचं आहे," सारजा नवऱ्याला म्हणाली. "नुसतं म्हशींमागं फिरू नका. पेपर वाचा, जगात काय चाललंय ते चार लोकांना सांगा. जरा जाणते मतदार व्हा."

"होतो की," म्हाळू म्हणाला. त्यात काय अवघड?

तडक हॉटेलात गेला. भज्यांचा पुडा घेतला, भजी बाजूला काढली आणि कागद वाचला. मग आळीभर सांगत सुटला, "उद्या गारा पडणार. पेपरात आलंय."

बायकांची धांदल उडाली. वाळत घातलेल्या कुरडया ओल्याच डब्यात कोंबल्या. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि डब्यातल्या कुरडयांना बुरशी आली.

"अहो, तो पेपर मागल्या सालचा होता," सारजा म्हणाली. "आधी तारीख बघायची. मागल्या सालचं निघालं की सरळ फेकून द्यायचं."

"बरं झालं सांगितलंस."

मग प्रचाराला निघालेल्या बायका सारजाकडे जेवायला बसल्या. लोणच्याची बरणी आणायला म्हाळूला माळ्यावर चढवलं. बरणीवर तारखेची चिठ्ठी होती. म्हाळूनं तारीख वाचली. मागल्या सालची. अख्खं लोणचं त्यानं उकिरड्यावर ओतलं आणि बरणी घासून, पुसून पानांपुढं आणून ठेवली. बायका रिकाम्या बरणीकडे बघत कोरडी भाकरी चावत राहिल्या.

"अहो, लोणचं मुरलेलंच चांगलं," सारजानं कपाळाला हात लावला. "असं एकदम ठरवून मोकळं होऊ नये. आधी दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या."

"बरं झालं सांगितलंस."

दुपारी शेजारच्या पारूआजीच्या खुराड्यातून एक माणूस कोंबडी काखोटीला मारून निघाला. म्हाळूनं त्याला अदबीनं ओट्यावर बसवलं.

"तुझी बाजू सांग."

"मला भूक लागलीय."

"रास्त आहे. थांब, आता आजीची बाजू ऐकून येतो."

आजी होती शेतात. तिला घेऊन येईस्तोवर ओट्यावर नुसती पिसं उरली होती.

"अरेरे," म्हाळू हळहळला, "कोंबडीची बाजू ऐकायची राहिलीच."

पारूआजी भडकली. आपलं मत आता कौसालाच, असं बजावून ती घरात गेली. सारजानं नवऱ्याला गाठलं.

"अहो, असलं काही कळलं की चावडीवर उभं राहून ओरडायचं. साऱ्या गावाला कळलं पाहिजे."

"बरं झालं सांगितलंस."

त्याच संध्याकाळी कौसाकाकूंच्या दोन्ही सुना मागच्या दारानं आल्या. "वहिनी, सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. पण आमची मतं तुम्हालाच."

म्हाळू तिथंच बसला होता. त्याला कळलं. कळल्याबरोबर तो चावडीवर गेला, उभा राहिला आणि छाती भरून ओरडला. मतदानाच्या आधीच दोन्ही सुनांची माहेरी रवानगी झाली.

सारजा रडायचीच बाकी होती. "अहो, मत गुप्त असतं हो. कुणाला म्हणजे कुणाला कळू द्यायचं नाही. घ्या शपथ."

म्हाळूनं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

मतदानाच्या दिवशी तो नवी टोपी घालून गेला. परतला तो शाईचं बोट फडक्यात गुंडाळून. कुणी विचारलं, तर नुसता गालात हसे.

निकाल लागला. सारजा एका मतानं पडली.

घरी येऊन ती मटकन खाली बसली. तिनं विचारलं, "तुम्ही तरी मलाच दिलंत ना?"

म्हाळूनं उठून दार लावलं, खिडकी लावली. मग हळूच म्हणाला, "सारजे, तुझ्या शब्दाबाहेर नाही गेलो. कुणालाच कळू दिलं नाही. त्या मशीनलासुद्धा नाही."

"म्हणजे?"

"बटण दाबलं की ती टीं करून ओरडते गं, खोलीभर ऐकू जातं. शिवाय मोजणीला सगळ्यांसमोर सांगून टाकते. साहेब सारखे म्हणत होते, बटण दाबा, बटण दाबा. मी म्हटलं, साहेब, मत गुप्त असतं. शेवटी त्यांनीच हात जोडले आणि मला बाहेर काढलं."

सारजा उठली आणि घरातले दोन्ही हंडे त्याच्या डोक्यावर ठेवून तिनं नदीकडे बोट दाखवलं.

हापसा अजून बंदच आहे. म्हाळू रोज हंडे घेऊन निघतो. वाटेत कुणी विचारतं, "म्हाळूभाऊ, कुठं चाललास?"

म्हाळू इकडंतिकडं बघतो आणि म्हणतो, "गुप्त आहे."