वर तंबोरा, खाली हातोडा

फार पूर्वी एका देवस्थानाच्या गावात एक दुमजली घर होते. माडीवर तंबोरे करणारा राहत होता आणि खाली एक तांबट. दोघांच्या मधे फक्त लाकडी तक्तपोशी. खाली घंगाळावर हातोडा पडला की वर भिंतीला टेकवलेले तंबोरे आपोआप हुंकार देत.

तंबोरेवाल्याचा त्याच्या कामात हात धरणारा कोणी नव्हता. देवळाच्या उत्सवात दर वर्षी त्याच्याच घरचा नवा तंबोरा लागे. आजोबांपासूनचा तो मान होता. भोपळा कोरणे, दांडी बसवणे, ही कामे कलकलाटातही होतात. जवारी काढणे होत नाही. तारांखालची घोडी कानशीने जराजरा घासायची, तार छेडायची आणि स्वर मोकळा झाला का ते ऐकायचे. एक घास जास्त पडला की घोडी फुकट.

त्या वर्षी उत्सव आठ दिवसांवर आला, आणि नेमके तेव्हाच तांबटाकडे लग्नघरच्या भांड्यांचे काम आले. सकाळपासून ठोक ठोक. तंबोरेवाला जवारीला बसे, चार ठोके ऐके आणि कानस टाकून उठे. मग जिन्याच्या तोंडाशी उभा राहून तांबटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून गाऱ्हाणे सांगे. असा दिवस जाई.

बायको म्हणाली, "अहो, एकदा खाली जाऊन बोला त्यांच्याशी."

"देवाचा तंबोरा करणारा मी. भांडी बडवणाऱ्याच्या दारात जाऊ?"



पाचव्या दिवशी रागाच्या भरात त्याने कानस ओढली. स्वर मेला. तार वाजे, पण पत्र्यावर काडी घासावी तशी. मुरलेल्या सांबरशिंगाची ती एकच घोडी त्याच्यापाशी होती.

तो तडक पाटलाकडे गेला. तांबटाला गावाबाहेर काढा म्हणाला. पाटील म्हातारा, मोजके बोलणारा. "उद्या येतो," एवढेच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी पाटील माडीवर येऊन बसला. खाली ठोके चालू होते. तंबोरेवाल्याने सुरुवात केली. तांबटाचा उर्मटपणा, आजोबांचा मान, फुकट गेलेली घोडी, सगळे सांगून झाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. बऱ्याच वेळाने पाटलाने हात वर केला.

"आता ऐक. काय ऐकू येतंय?"

तंबोरेवाल्याने कान दिला. खिडकीत एक माशी घोंगावत होती. दुसरे काही नाही.

"आत्ताच थांबला असेल," तो म्हणाला.

"तू आजोबांच्या मानापाशी आलास तेव्हाच तो थांबला. तू थांबला नाहीस."

पाटलाने त्याला खाली नेले. तांबट भट्टीपुढे बसला होता. घंगाळ निखाऱ्यांत लाल झाले होते. पाटलाने विचारले तेव्हा तो म्हणाला, "ठोकून ठोकून तांबं कडक होतं. तसंच ठोकलं तर चिरतं. म्हणून भट्टीत घालून मऊ करावं लागतं. दिवसाला चार वेळा तरी. तेवढा वेळ हातोडा बंदच असतो."

तेवढा वेळ जवारीला पुरेसा होता.

तंबोरेवाला म्हणाला, "मग मला सांगायचं होतंस."

"तुम्ही कधी विचारलंत? हातोडा ठेवला की वरून शिव्या ऐकू यायच्या. ठोकत असलो की निदान त्या तरी कानावर पडत नव्हत्या."



त्या उत्सवाला शेजारच्या गावातून तंबोरा आणला. तंबोरेवाला देवळात सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभा राहिला. त्याला कोणी बोल लावला नाही. तेच त्याला जड गेले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तांबटाच्या दारात गेला आणि हात जोडून उभा राहिला. तांबटाने बसायला पाट दिला.

तेव्हापासून भांडे भट्टीत गेले की तांबट वर हाक देई आणि तंबोरेवाला घोडी पुढे ओढी. पुढच्या उत्सवाला त्याच्या घरचा तंबोरा लागला. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र शेजारच्या गावचा. एका घरचा मान दोन घरांत वाटला गेला, तो कायमचा.

ध्यानात ठेवावे असे तात्पर्य: शेजाऱ्याचा आवाज बंद करायला निघण्याआधी आपले तोंड बंद करावे, आणि त्याच्या दारी जाऊन नीट विचारावे.