उपरण्याखालची चार बोटं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण तेव्हाचे म्हातारेही म्हणायचे, "आजकालच्या पोरांत दम नाही." लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका; खरं तर तुम्हीच ऐका.

त्या राज्यात व्यापारविद्येची एक नामांकित पाठशाळा होती. पाच वर्षं मुलंमुली तिथे धान्याची पारख, कापडाचा पोत, गिऱ्हाइकाशी बोलणं शिकत. शेवटच्या दिवशी भरसभेत प्रत्येकाला विचारलं जाई, पुढे काय करणार?

विचारायची रीत मात्र बैलबाजारातली. तिथे भाव इतरांना कळू नये म्हणून कापडाखाली बोटं धरून सौदा करतात ना, तशी. आचार्य उपरण्याखालून हात पुढे करत. त्यांचं एक बोट धरलं तर राजाच्या कोठारात नोकरी. दोन धरली तर नगरशेठची पेढी. तीन धरली तर गलबतावरून परदेशी व्यापार. चार धरली तर स्वतःचा धंदा. मग आचार्य निवड मोठ्यानं जाहीर करत.

आणि दरवर्षी जाहीर काय होई? "एक!" "एक!" पुन्हा "एक!" क्वचित कधी "दोन!"

सभेतले थोर माना हलवत. "बघा, सगळ्यांना सावलीतली नोकरी हवी. धाडस म्हणून नाही!" हे बोलणारे स्वतः सावलीतच, लोडाला टेकून बसलेले असत.

त्या वर्षी एका विणकराची मुलगी पुढे आली. डोळे मिटून, नुसत्या स्पर्शानं कापडाचा पोत सांगणारी. तिच्या डोंगरातल्या गावी तीस घरं घोंगड्या विणत आणि शेठचा माणूस त्या पडेल भावात उचलून नेई. त्या घोंगड्या तिला गावाच्या नावानं विकायच्या होत्या. तिनं आचार्यांची चार बोटं घट्ट धरली.

आचार्य गरजले, "एक! राजाचं कोठार!"

टाळ्या पडल्या. तिच्या बापानं नवं पागोटं सावरलं. कोठारातली जागा त्यानं आधीच बोलून ठेवली होती, आणि आचार्यांच्या कानावरही घातली होती.

मुलगी जागची हलली नाही. "गुरुजी, मी चार धरली."

"तुझा हात घामेजला होता, पोरी. मला एकच लागलं."

"मूठभर गव्हातला ओलावा ओळखायला तुम्हीच शिकवलंत. आणि स्वतःची चार बोटं कळली नाहीत?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाप दबक्या आवाजात म्हणाला, "गप गं, लोक बघतायत! तुझ्या भल्यासाठीच चाललंय."

"माझ्या भल्याचं आहे ना, आबा? मग कापडाखाली कशाला?"

आचार्यांनी शिकून निघणाऱ्यांना द्यायच्या शिक्क्यांच्या तबकाकडे बोट केलं. "हा तांब्याचा शिक्का नसेल, तर या नगरात तुला तराजू धरता येणार नाही. नीट विचार करून बोल."

मुलीनं शिक्क्याकडे पाहिलं. पाच वर्षं ती त्याच्यासाठीच राबली होती. तिनं आचार्यांच्या हातावरचं उपरणं ओढून काढलं आणि स्वतःची चार बोटं सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

"चार," ती म्हणाली. मग सोबत्यांकडे वळली. "तुमची किती?"

मग मागच्या रांगेतल्या एका लाजाळू मुलानं तीन बोटं वर केली. त्याच्या शेजारणीनं चार. एकजण एक बोट दाखवून ठसक्यात म्हणाला, "मला खरंच कोठार हवंय बुवा!" बघता बघता सगळे हात वर. 'वेडा मी एकटाच' असं त्यातल्या बहुतेकांना आजवर वाटत आलं होतं.

तबक धरून कोठाराचा वृद्ध कारकून उभा होता. त्यानं तबक खाली ठेवलं आणि तीन बोटं वर केली.

"चाळीस वर्षांपूर्वी इथेच मी तीन धरली होती," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझीच पकड ढिली पडली असेल."

आचार्यांनी आपला हात पाठीमागे लपवला.

मुलीला शिक्का मिळाला नाही. नगरात तराजू धरता येईना, म्हणून तिनं डोंगरातच बाजार मांडला. पहिली दोन वर्षं तिथे कुत्रंही फिरकलं नाही. तिसऱ्या वर्षी त्या घोंगड्यांच्या उबेची कीर्ती ऐकून नगरातले व्यापारी धापा टाकत डोंगर चढू लागले. सर्वांत शेवटी तिचा बाप चढला, आणि गुमान घोंगड्यांच्या घड्या घालायला बसला. लाजाळू मुलगा गलबतावर गेला, पोटात ढवळून हैराण झाला, वर्षभरात परतला आणि कोठारात नोकरीला लागला. खुशीत होता. या वेळी ते एक बोट त्याचं स्वतःचं होतं.

आणि निवडीच्या दिवशी उपरणं पुन्हा कुणी आणलं नाही.

तात्पर्य : पोरांना दम नाही म्हणण्याआधी, त्यांचं उत्तर आपणच बदललं नाही ना, ते थोरांनी तपासावं.