कोंडाईची रिकामी घोंगडी

आलात का सगळे पांघरुणात? शरू, पाय आत घे. हं. तर आटपाट नगर नव्हतं बरं का, आटपाट डोंगर होता. डोंगरावर वीसएक झोपड्या. नाचणी पिकवावी, मध काढावा, मिळेल ते वाटून खावं, अशी गरीब माणसं. त्यांचं दुःख एकच. दर थंडीत तिथं धुकं उतरायचं आणि उन्हं वर आली की निघून जायचं. पण जाताना थोडंसं कुणाच्या तरी डोळ्यांत राहायचं. एकदा राहिलं की राहिलं. असं होता होता तेरा माणसं आंधळी झाली.

त्यांत सगळ्यांत थोरली कोंडाई. आणि सगळ्यांत धाकटी तिची नातसून, भागी. भागीला लेक झाली. तिनं लेकीला न्हाऊमाखू घातलं, जोजवलं, पण पोरीचं तोंड काही तिला दिसलं नाही. बोटांनी नुसतं चाचपायची. कोंडाईच्या जिवाला तेच लागलं होतं.

मग एकदा काय झालं, तीन डोंगर ओलांडून एक वैदीणबाई आली. तिच्या पेटीत होती सूर्यकिरणाची सुई. ती सुई डोळ्यांतलं धुकं अलगद ओढून काढायची, सुताच्या धाग्यासारखं.

"घेणार काय, बाई?" लोकांनी विचारलं.

"दोन वेळची भाकरी. पण तीनच दिवस हं. पुढच्या डोंगरावरही माणसं वाट बघतायत. आणि दिवस बुडला की माझी सुई विझते."

पहिल्या दिवशी वैदीण कोंडाईकडे गेली. कोंडाई म्हणाली, "मी जग उदंड बघितलं. माझी पाळी भागीला दे." मग वैदीण भागीकडे गेली. भागी म्हणाली, "अगं बाई! आजींच्या आधी मी? नको, नको."

आता त्या डोंगराची रीतच तशी होती. नवी नाचणी निघो, पोळ्याचा पहिला मध निघो, कोंडाईनं तोंडात घातल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. थोरलीचा मान ना!

दुसऱ्या दिवशी वैदिणीनं बुधाआजाला हाक मारली. तो कोंडाईहून वर्षानं धाकटा. तो म्हणाला, "उभ्या जन्मात तिच्याआधी घास उचलला नाही, आता डोळे उघडू होय? काठी घालील डोक्यात. दिसत नाही तरी नेम चुकत नाही म्हातारीचा!"

मग उजाडला तिसरा दिवस. वैदीण अंगणात येऊन बघते तर काय, सगळे वयाप्रमाणे ओळीनं बसलेले. आणि सगळ्यांच्या पुढं एक घोंगडी अंथरलेली, रिकामी. वैदीण बसली वाट बघत. दुपार कलली तरी कुणी जागचं हलेना. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. ती तडक कोंडाईच्या झोपडीत शिरली.

"आजी, किती जणांचे डोळे उघडले असतील, सांगा बघू."

"झाले असतील की बाराही."

"एकाचेही नाहीत. तुमची घोंगडी रिकामी आहे. तिच्यापुढं कुणी सरकत नाही. भागीसुद्धा नाही."

कोंडाईनं चाचपून काठी उचलली. आपण पाळी सोडली म्हणजे ती भागीला मिळाली, असं समजून बिचारी तीन दिवस खुशीत होती. "जळला मेला माझा मान!" म्हणाली, आणि काठी टेकत, ठेचकाळत जाऊन घोंगडीवर बसली.

मग काय! सुई भराभर चालली. कोंडाई झाली, बुधाआजा झाला, एकामागून एक बारा झाले. भागी तेवढी उरली. आणि तेवढ्यात सूर्य टेकला की डोंगराच्या कडेला! सुई मिणमिणायला लागली. वैदिणीचा हात थांबला. भागीनं लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "असू दे, बाई."

हे ऐकलं मात्र, कोंडाई उठली. नव्या डोळ्यांनी तिनं सूर्याकडे रोखून बघितलं आणि काठी उगारली.

"ए! या डोंगरावर थोरली मी. मी सांगेपर्यंत बुडायचं नाही!"

आणि सूर्य थांबला. काय रे मधू? सूर्य थोरला की कोंडाई? अरे, असलं तिला विचारायची सूर्याचीसुद्धा छाती झाली नाही. बसला गपचूप डोंगराच्या कडेला, लालबुंद होऊन. सुई पुन्हा लखलखली. वैदिणीनं भागीच्या डोळ्यांतलं धुकं ओढून काढलं.

भागीनं पापण्या उघडल्या. लेकीकडे बघितलं. मग कोंडाईकडे बघितलं. पुन्हा लेकीकडे. "आजी, हिचं नाक तर तुमचंच!" म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. कोंडाईनं पदरानं आपलं नाक पुसलं आणि सूर्याला म्हणाली, "बूड आता, बाबा." मग तो बुडाला.

सकाळी भाकरी बांधून घेऊन वैदीण पुढच्या डोंगरावर गेली. इकडे सगळी आनंदात राहिली. पहिला घास अजून थोरल्याचाच बरं का, पण औषधाची पहिली पाळी धाकट्याची. कोंडाईनं काठी आपटून सांगितलं, मग मोडतंय कोण?

चला, आपणही तसंच करू. शरू, तू धाकटी, तू मीट डोळे आधी. मग मधू. मी सगळ्यांत शेवटी.