सटवाजीचा अडकलेला शब्द

एका गावात सटवाजी नावाचा नालबंद होता. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचा. माणूस भारी बोलका, बैलाशीसुद्धा गप्पा मारत काम करायचा. एक दिवस त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द ओठांवर येईना.

तालुक्याच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "शब्द परत येतील. पण हे अडखळले की थांबा. यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका."

सटवाजीची मुलगी गुणा थांबायची. "सावकाश बोला बाबा, मला कुठे जायचंय?" म्हणत तव्यावरची भाकरी करपेपर्यंत बसायची. तिच्यापुढे एकेक शब्द परत येऊ लागला. मुलगा सोपान मात्र उतावळा. बापाने तोंड उघडलं की हा पाण्याचा तांब्या पुढे करायचा. लोक म्हणत, "काय पोरगा आहे! न बोलता ओळखतो." मग काय, स्वारीला मूठभर मांस चढायचं.

एकदा गुणाला बघायला पाहुणे आले. नवरामुलगा अंगणात शिरला आणि सटवाजी चपापला. पत्री ठोकताना बैल हलला म्हणून याच माणसाने पूर्वी चाबकाच्या दांड्याने त्या बैलाचा डोळा फोडला होता, सटवाजीच्या देखत.

बैठक बसली. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीच्या वडिलांचं काय म्हणणं?"

सटवाजीचे ओठ थरथरले. कपाळावर घाम फुटला. शब्द येतच होता. पण चारचौघांत ती शांतता सोपानला सोसेना. घराची शोभा होते ना!

"बाबांना पसंत आहे," तो हसत म्हणाला. "आनंदाने कंठ दाटलाय त्यांचा."

लगेच सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर गुणा बापाजवळ बसली आणि थांबली. "नको," सटवाजी म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "बैलाचा... डोळा... फोडला."

गुणाने धावत जाऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आता मागे फिरलो तर लोक तोंडात शेण घालतील."

"बाबा सांगतच होते, दादा. तुला जरा थांबता आलं नाही."

लग्न झालं. गुणा सासरी गेली आणि घरात थांबणारं कुणी उरलं नाही. सटवाजीचे परत आलेले शब्दही हळूहळू गेले.

दिवाळीला गुणा माहेरी आली ती एका डोळ्याला पट्टी बांधून. सोपान बापाच्या पायाशी बसला. "चुकलो मी, बाबा. बोला काहीतरी, शिव्या द्या. मी थांबतो."

या वेळी तो खरंच थांबला. चूल विझली तरी तिथेच बसून होता. सटवाजीने एकदा लेकीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तात्पर्य: ज्याला बोलायला वेळ लागतो, त्याच्या वतीने बोलणं ही माया नव्हे, जबरदस्ती आहे, आणि वेळेवर जो थांबला नाही, त्याला नंतर कितीही थांबून काही ऐकायला मिळत नाही.